शेणकिडे आणि त्यांचे भाऊबंद

कीटकशास्त्र हा माझा विषय नव्हे. मी कला शाखेचा विद्यार्थी. मराठी आणि इतिहास हे माझे विषय. वार्षिकांकासाठी मी शेणकिड्यांवर लेख देणार आहे, असे सांगितले तेव्हा मित्रमंडळी हसली. एकाने तर "प्रेमकविता संपल्या वाटते," असा शेरा मारला. त्याला मी त्या वेळी उत्तर दिले नाही. ते या लेखात देत आहे.

आमचे गाव साकोली तालुक्यात, नागझिऱ्याच्या डोंगररांगांच्या पायथ्याकडे. घरी धानाची शेती, दोन बैल, तीन गाई आणि घरामागे खताचा खड्डा. दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात, शेतात खत टाकायच्या दिवसांत, आम्ही तो खड्डा उपसायला घेतला. फावड्याच्या प्रत्येक घावासरशी पांढऱ्या, लठ्ठ, तपकिरी डोक्याच्या अळ्या बाहेर पडू लागल्या. शेजारचे एक गृहस्थ डोकावून म्हणाले, "हे उन्नी हाय गा! वावरात गेली का मुळ्या खाऊन टाकते." हुमणीला आमच्याकडे उन्नी म्हणतात. घरात कॉलेजात शिकणारा मी एकटा. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिले. मी एक अळी हातात घेतली, गंभीर चेहरा केला आणि म्हणालो, "हो, हुमणीच." आबाजींनी, म्हणजे माझ्या आजोबांनी, एकदाच विचारले, "नक्की उन्नीच हाय का?" मी मान डोलावली. सायकल काढली, दुकानातून कीटकनाशकाची भुकटी आणली आणि साऱ्या खड्ड्यावर शिंपडली.

एक गोष्ट सांगायला हवी. जमिनीवर पडलेल्या त्या अळ्यांपैकी पुष्कळशा पाठीवर उताण्या होऊन, पाय आकाशाकडे करून सरपटत होत्या. मी ते पाहिले. मला गंमत वाटली, मी हसलो आणि भुकटी टाकली.

दुसऱ्या दिवशी मायच्या चार कोंबड्या मेल्या. नेहमीच्या सवयीने त्यांनी खड्डा उकरला होता आणि मेलेल्या अळ्या टिपल्या होत्या. माय मला एक शब्दही बोलली नाही. आबाजी मात्र संध्याकाळी म्हणाले, "पुस्तक वाचता येते तुले, पन किडा नाही वाचता आला."

त्या एका वाक्यामुळे मी या विषयाकडे वळलो. महाविद्यालयाच्या ग्रंथालयात मराठी विश्वकोशाचे खंड काढून बसलो. विज्ञान शाखेतील प्राणिशास्त्राच्या सरांनी मला एक भिंग दिले आणि काही जुने ग्रंथ दाखवले. गेली दोन वर्षे सुटीत गावी गेलो की आखरावर, म्हणजे गावची ढोरे सकाळी जमतात त्या जागेवर, ढोरक्याबरोबर बसून मी शेणाचे पोहे उलटून पाहत आलो आहे. त्यातून जे कळले ते माझ्यासारख्याच अशास्त्रीय वाचकांपुढे ठेवतो.

कुळ आणि घराणे

कठीण पाठीच्या किड्यांना आपण भुंगेरे म्हणतो. शास्त्रात या गणाचे नाव कोलिऑप्टेरा, मराठीत ढालपंखी. भुंगेऱ्याला पंखांच्या दोन जोड्या असतात. पुढची जोडी कठीण होऊन पाठीवर ढालीसारखी बसते आणि मागचे पातळ पंख तिच्याखाली घडी घालून ठेवलेले असतात. पृथ्वीवर भुंगेऱ्यांच्या सुमारे चार लाख जातींची नोंद झाली आहे. प्राण्यांचा एवढा मोठा दुसरा गण नाही.

या गणातील एक मोठे कुल म्हणजे स्कॅरॅबिडी. जगात याच्या तीस हजारांहून अधिक जाती आहेत. स्वीडनच्या लिनीअसने १७५८ साली आपल्या ग्रंथाच्या दहाव्या आवृत्तीत 'स्कॅरॅबियस' हे नाव वापरले आणि फ्रान्सच्या लात्रेयने १८०२ साली त्यावरून कुलाचे नाव ठेवले. आपल्या देशातील या भुंगेऱ्यांचा पहिला पद्धतशीर ग्रंथ लिहिला तो लंडनच्या ब्रिटिश म्युझियममधील गिल्बर्ट ॲरो यांनी. 'फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया' या मालेतील त्यांचे तीन खंड १९१०, १९१७ आणि १९३१ साली निघाले. भारतात या विषयावर काम करणाऱ्याला आजही त्यांच्याकडे जावेच लागते. आपल्या विदर्भापुरते बोलायचे, तर मेळघाटातील कोलकास परिसराच्या स्कॅरॅब भुंगेऱ्यांवरचा एक निबंध २०११ साली प्रसिद्ध झाला आहे.

जुन्या अभ्यासकांनी या कुलाचे दोन मोठे भाग पाडले होते आणि ते पाडले होते श्वासरंध्रांच्या जागेवरून. किड्याला नाक नसते. पोटाच्या दोन्ही बाजूंना असलेल्या बारीक छिद्रांतून तो श्वास घेतो. एका भागात ही छिद्रे पोटाचे खंड जोडणाऱ्या पातळ पडद्यात असतात, तर दुसऱ्यात त्यांतील काही खंडांच्या कठीण भागावर सरकलेली असतात. इतक्या बारीक खुणेवरून केलेली विभागणी कोणाला पोरखेळ वाटेल. पण गंमत अशी की, पहिल्या भागात बहुतेक शेण खाणारे येतात आणि दुसऱ्या भागात पाने, मुळे, फुले किंवा कुजके लाकूड खाणारे. शेतकऱ्याच्या दृष्टीने हीच तर मुख्य विभागणी. मला ती आपल्या नातेसंबंधांसारखी वाटते. आडनाव एकच, पण एक शाखा घर सांभाळणारी आणि दुसरी घर खाणारी असू शकते.

आज अभ्यासक या कुलाची अनेक उपकुले मानतात. त्यांपैकी सहांची ओळख आपल्याला पुरे आहे.

पहिले स्कॅरॅबिनी, म्हणजे खरे शेणकिडे. यांचे अन्न शेण आणि यांच्या पिलांचे अन्नही शेणच. दुसरे ॲफोडिनी. हे बहुधा तांदळाच्या दाण्याएवढे किंवा त्याहून थोडे मोठे, लांबट, शेणाच्या पोह्यातच राहणारे. तिसरे मेलोलोंथिनी, हुमणीचे घराणे ते हेच. होलोट्रिकिया हा त्यातील आपल्याकडचा कुप्रसिद्ध वंश. चौथे रुटेलिनी. ॲनोमाला वंशाचे चकचकीत तपकिरी-हिरवे भुंगेरे यातले. पाचवे डायनॅस्टिनी, म्हणजे गेंडा भुंगेऱ्याचे घराणे. याच्या नराच्या डोक्यावर मागे वळलेले शिंग असते. सहावे सिटोनिनी, म्हणजे फुलांवर बसणारे रंगीत भुंगेरे. पावसाळ्यात गवताच्या तुऱ्यांवर जो झगझगीत हिरवा भुंगेरा दिसतो तो यांच्यापैकीच.

ओळखावे कसे ?

पावसाळा सुरू झाला की वसतिगृहाच्या व्हरांड्यातील दिव्याभोवती भुंगेरे घिरट्या घालतात, भिंतीवर आपटतात आणि आपल्या पुस्तकावर येऊन पडतात. परीक्षा नसेल तर त्यांतील एक उचलून पाहावा. तो स्कॅरॅब कुलातील आहे की नाही, हे चार खुणांवरून कळते.

पहिली आणि सर्वांत पक्की खूण मिशांची. यांच्या मिशा आखूड असतात आणि टोकाकडचे तीन ते सात भाग पापुद्र्यांसारखे चपटे असतात. हे पापुद्रे पुस्तकाच्या पानांप्रमाणे मिटतात आणि पंख्याप्रमाणे उघडतात. वास घेताना किडा ते उघडतो. अशी मिशी दिसली की घराणे ठरले. दुसरी खूण पुढच्या पायांची. ते रुंद असून बाहेरच्या कडेला करवतीसारखे दाते असतात. हे त्याचे फावडे. तिसरी खूण अशी की पाठीवरची ढाल बहुधा पोटाचे शेवटचे टोक पूर्ण झाकत नाही. चौथी खूण अळीची. ती पांढरट, लठ्ठ, धनुष्याकृती वाकलेली, तपकिरी डोक्याची आणि सहा पायांची असते.

फसवणारे सोबतीही पुष्कळ आहेत. लहानपणी आपण काडेपेटीत पाळत असू तो हिरवा-सोनेरी सोनकिडा या कुलातला नाही. त्याच्या मिशा करवतीच्या पात्यासारख्या असतात, पंख्यासारख्या नाहीत. धानाच्या बांधीतून आणि बोडीतून दिव्यावर येणारे काळे गुळगुळीत पाणभुंगेरेही वेगळे. त्यांच्या मागच्या पायांना पोहण्यासाठी केसांची झालर असते. शरीराहून लांब मिशा मिरवणारे भुंगेरे तर लाकूड पोखरणाऱ्यांच्या निराळ्याच कुलाचे.

आता माझ्या चुकीकडे येतो. अळ्यांची अवस्था सर्वांत फसवी, कारण सगळ्यांच्या अळ्या पांढऱ्या आणि वाकड्या. तरी त्यांना ओळखण्याची एक युक्ती आहे व तिला भिंगसुद्धा लागत नाही. अळी सपाट जागेवर ठेवावी आणि ती कशी चालते ते पाहावे. फुलांवरच्या भुंगेऱ्यांच्या, म्हणजे सिटोनिनी उपकुलातील अळ्या पाठीवर उताण्या होतात आणि पाय वर ठेवून पाठीच्या स्नायूंनी सरपटत जातात. हुमणी असे करत नाही. ती कुशीवर वाकून पडते किंवा पायांनी ओढत मातीत शिरू पाहते. गेंडा भुंगेऱ्याची अळीही कुशीवरच पडते, पण ती आकाराने फार मोठी, अंगठ्याहून जाड होते आणि कुजलेले लाकूड किंवा खत यांतच वाढते.

दुसरी खूण पंचांगाची. होलोट्रिकिया हुमणीचे भुंगेरे पहिल्या दमदार पावसानंतर सायंकाळी जमिनीतून निघतात. कडुनिंब, बाभूळ, बोर यांची पाने रात्रभर खातात आणि पहाटे पुन्हा जमिनीत शिरतात. माद्या मातीत अंडी घालतात. अळ्या पावसाळाभर मुळे खातात, पावसाळ्यानंतर कोशात जातात आणि त्यातून निघालेला भुंगेरा पुढच्या पावसाची वाट पाहत जमिनीतच पडून राहतो. म्हणजे मे महिन्यात आपल्याकडे ही हुमणी बहुधा अळीच्या रूपात नसतेच. मे महिन्यात, खताच्या खड्ड्यात, पाठीवर चालणाऱ्या लठ्ठ अळ्या. तीन साक्षीदार एका सुरात सांगत होते की ही हुमणी नव्हे. या अळ्या कुजका पालापाचोळा आणि शेण खाऊन त्याचे बारीक खत करतात. मी आमच्याच खत करणाऱ्या मजुरांना विष घातले होते.

याचा अर्थ हुमणी हा बागुलबुवा आहे असे नव्हे. ऊस, भुईमूग, सोयाबीन अशा पिकांची ती धूळधाण करते. कच्चे शेणखत शेतात टाकू नये, कारण त्यातून तिची अंडी-अळ्या पसरू शकतात, हा सल्लाही बरोबर आहे. पाणी भरून राहणाऱ्या धानाच्या बांधीत मात्र ती फारशी तग धरत नाही. आणि जेथे ती खरोखर आहे, तेथे सर्वांत स्वस्त उपाय पहिल्या पावसानंतरचाच आहे. गावाने मिळून रात्री कडुनिंब-बाभळीच्या फांद्या हलवायच्या, पडलेले भुंगेरे गोळा करायचे आणि रॉकेल घातलेल्या पाण्यात टाकायचे. एकेक मादी पन्नास-साठ अंडी घालते, तेव्हा जूनमधील एका रात्रीचे काम सप्टेंबरमधील औषधाच्या खर्चाला भारी पडते. पण एकट्याने करून चालत नाही. शेजाऱ्याच्या बाभळीवरचा भुंगेरा धुरा ओलांडून आपल्या शेतात यायला वेळ लागत नाही.

शेणाचा पोहा : एक छोटे गाव

आता खऱ्या शेणकिड्यांकडे वळू. पावसाळ्यातील एखाद्या सकाळी आखरावर ताजे शेण पडले की पहिले पाहुणे काही मिनिटांतच हजर होतात. ते वाऱ्यावर आलेला वास धरून येतात. जरा वेळ बसून पाहिले की त्यांच्या तीन तऱ्हा लक्षात येतात.

पहिल्या तऱ्हेचे लोटणारे. जिम्नोप्ल्युरस वंशाचे काळे-निळसर किडे शेणाचा तुकडा तोडून त्याची गोळी करतात, पुढचे पाय जमिनीवर टेकतात आणि मागच्या पायांनी गोळी लोटत उलटे चालत जातात. याच कामातला लांब पायांचा, कोळ्यासारखा दिसणारा दुसरा एक लहानसा किडा आहे. त्याच्या वंशाचे नाव सिसिफस. ग्रीक पुराणात शिळा डोंगरावर लोटत नेण्याची अनंत शिक्षा भोगणारा राजा तो हाच. आल्बेर कामूने १९४२ साली त्याच्यावर निबंध लिहिला, म्हणून तत्त्वज्ञानाच्या वर्गात आपण त्याला भेटतो. लात्रेयने मात्र १८०७ मध्येच ते नाव या किड्याला दिले होते. फरक एवढाच की, आपल्या सिसिफसचे श्रम व्यर्थ जात नाहीत. गोळी इष्ट जागी पोचते, पुरली जाते आणि तिच्या पोटात एक अंडे ठेवले जाते.

दुसऱ्या तऱ्हेचे खोदणारे. आपल्याकडे संख्येने हे सर्वांत जास्त. ऑन्थोफॅगस या एकट्या वंशात जगात दोन हजारांहून अधिक जाती आहेत. मुगाएवढ्यापासून बोराएवढ्यापर्यंत त्यांचे आकार, आणि कित्येक नरांच्या डोक्यावर चिमुकली शिंगे. हे पोह्याच्या बरोबर खाली भुयार खणतात आणि शेण आत ओढून नेतात. कॅथार्सियस आणि कॉप्रिस हे त्यांच्यातले रात्रपाळीवाले. नागझिऱ्याच्या रानात जेथे गव्यांचे मोठमोठे पोहे पडतात, तेथेही हेच काम चालते. तिसऱ्या तऱ्हेचे राहणारे. ते लोटत नाहीत, खोलवर खोदतही नाहीत. पोह्यातच संसार थाटतात. ॲफोडियस त्यांच्यापैकी.

कॉप्रिसची मादी फारच थोडी अंडी घालते; कित्येकदा चार-पाचच. प्रत्येक अंड्यासाठी शेणाचा वेगळा गोळा करते आणि पिले बाहेर पडेपर्यंत भुयारात त्यांची राखण करते. फ्रान्सचा शिक्षक आणि कीटकनिरीक्षक झाँ आंरी फाब्र याने शतकापूर्वी हे बारकाईने पाहून लिहून ठेवले. कीटकांमध्ये अशी माता विरळा. पण या ममतेची दुसरी बाजूही आहे. डास किंवा माशी एकदा मारली तरी महिन्याभरात पुन्हा तेवढीच होते. चार-पाच अंडी घालणारा किडा एकदा संपला की त्या रानात परत यायला त्याला वर्षे लागतात.

त्यांचे आपल्यावरचे ऋण

एक गाय दिवसातून दहा-बारा वेळा शेण टाकते. ते उन्हात पडून राहिले तर वाळते, त्यातील नत्राचा बराच भाग हवेत उडून जातो आणि खालचे गवत दडपून मरते. माश्यांची पैदास होते ती वेगळीच. शेणकिडे तेच शेण एक-दोन दिवसांत जमिनीखाली नेतात. खत थेट मुळांपाशी जाते, भुयारांमुळे जमीन पोकळ होते, हवा खेळते व पावसाचे पाणी मुरते. माशीच्या अळ्यांना अन्न उरत नाही आणि जनावरांच्या पोटातील जंतांची शेणात पडलेली अंडीही पुष्कळ अंशी नाहीशी होतात. शेणातून आलेल्या फळझाडांच्या बिया शेणाबरोबर पुरल्या जातात. तेव्हा जंगलातल्या काही झाडांच्या लावणीतही यांचा हात असतो.

हे काम किती मोठे आहे, हे ऑस्ट्रेलियाने अनुभवले. तेथे गाई आल्या त्या १७८८ साली, युरोपियनांच्या जहाजांतून. तेथले मूळचे शेणकिडे कांगारूंच्या कोरड्या लेंड्यांना सरावलेले. गाईच्या ओल्या पोह्यांना ते फारसे हात लावीनात. पोहे महिनोन्‌महिने पडून राहत, कुरणे निकामी होत आणि माश्यांनी माणसांना सळो की पळो करून सोडले. हंगेरीहून तेथे गेलेल्या जॉर्ज बोर्नेमिस्सा या कीटकशास्त्रज्ञाने बाहेरून शेणकिडे आणण्याची कल्पना मांडली. १९६८ साली पहिले किडे सोडले गेले. १९८५ पर्यंत चाललेल्या या योजनेत चाळीसहून अधिक जाती सोडल्या, त्यांपैकी सुमारे निम्म्या तेथे रुजल्या. ज्या प्राण्यावर आपण पाय देतो, तो एका देशाने सरकारी खर्चाने परदेशाहून आणला. अमेरिकेत २००६ साली दोन शास्त्रज्ञांनी हिशेब मांडला, तेव्हा शेणकिड्यांच्या कामाची तेथील किंमत वर्षाला अडतीस कोटी डॉलर निघाली. आफ्रिकेत हत्तीच्या दीड किलो शेणावर सोळा हजार किडे आले आणि दोन तासांत ते संपले, अशी नोंदही आहे.

आपल्या कला शाखेच्या दृष्टीनेही हा किडा परका नाही. प्राचीन इजिप्तमधील लोकांना त्याच्या गोळीत उगवता सूर्य दिसला. खेप्री नावाचा त्यांचा सूर्यदेव शेणकिड्याच्या रूपातला, आणि दगडात कोरलेले असे किडे ते ताईत म्हणून वापरीत. २०१३ साली स्वीडनच्या मारी डाके आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तर आणखी नवल दाखवून दिले. दक्षिण आफ्रिकेतील एक शेणकिडा अंधाऱ्या रात्री आकाशगंगेच्या पट्ट्यावरून दिशा ठरवून गोळी सरळ रेषेत लोटत नेतो. त्याच्या डोक्यावर कागदी टोपी घातली की तो भरकटतो. तारे पाहून वाट काढणारे खलाशी आपण इतिहासात वाचतो. शेण लोटणारा प्राणीही त्याच विद्येचा निघाला.

आज काय होत आहे ?

आमच्या गावच्या आखरावर पूर्वी ढोरे मावत नसत, असे आबाजी सांगतात. आता ट्रॅक्टर आले, बैलजोड्या विकल्या गेल्या. दिवाळीच्या पाडव्याला गायगोधनाच्या वेळी शेणाचा गोवर्धन होतो, त्यावरून गाई नेतात. पण शेणासाठी दोन-चार घरे हिंडावे लागते. जनावरे घटली की शेणकिडेही घटणार, हे उघड आहे.

दुसरे कारण कमी उघड आहे. जंतांवर जनावरांना जी औषधे देतात, त्यांपैकी आयव्हरमेक्टिनसारखी काही औषधे शेणातून बाहेर पडतात आणि कित्येक दिवस त्या शेणातील किड्यांच्या अळ्यांना मारक ठरतात. १९८७ साली ब्रिटनमधील दोन संशोधकांनी हे दाखवून दिले. म्हणून औषध देऊच नये असे मी म्हणणार नाही. जंतांनी खंगलेली गाय मी घरी पाहिली आहे. पण ऐन पावसाळ्यात, शेणकिड्यांच्या विणीच्या दिवसांत, गरज नसताना साऱ्या कळपाला ते एकाच वेळी देऊ नये आणि कोणते औषध केव्हा द्यायचे हे पशुवैद्यकाला विचारूनच ठरवावे, एवढे तर आपल्या हातात आहे.

१९९९ साली १ मे रोजी गोंदिया वेगळा होऊन आपला जिल्हा लहान झाला. तरी वैनगंगा, तलाव-बोड्या, धानाच्या बांध्या, कोक्याचे अभयारण्य आणि २०१३ मध्ये जाहीर झालेल्या नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पाचा काही भाग आपल्याकडे आहे. वाघांची गणना होते आणि ती व्हायलाच हवी. पण ज्याला शेणकिड्यांची नोंद करायची असेल, त्याला ना जीप लागते ना परवाना. गावचे आखर, एक काडी, एक वही आणि थोडा वेळ पुरे आहे. विज्ञान शाखेतील मित्रांनी मनावर घेतले तर गावोगावच्या विद्यार्थ्यांकडून ही नोंद एका पावसाळ्यात होऊ शकेल. नावे लिहिण्याचे काम आम्ही कलावाले करू.

या वर्षीचा खड्डा

गेल्या मे महिन्यात आम्ही पुन्हा खड्डा उपसला. पुन्हा तशाच अळ्या निघाल्या. काकाजी घरात गेले आणि उरलेल्या भुकटीची पिशवी घेऊन आले. मी त्यांना म्हटले, "काकाजी, दोन मिनिटे थांबा." दहा-बारा अळ्या उचलून मी टिनाच्या पत्र्यावर ठेवल्या आणि आबाजींची खाट जवळ ओढली. तीन अळ्या चांगल्या अंगठ्याएवढ्या जाड होत्या; त्या कुशीवर वाकून पडून राहिल्या. बाकीच्या जरा वळवळल्या, उताण्या झाल्या आणि पाय आकाशाकडे करून पत्र्यावरून चालू लागल्या.

आबाजी वाकून पाहत राहिले. मग म्हणाले, "हे तं उलटे चालते गा!"

मी त्यांना वर लिहिले ते सारे सांगितले. अर्थात लॅटिन नावे सोडून. काकाजींचे पूर्ण समाधान झाले असे मी म्हणणार नाही. त्यांनी पिशवी फेकली नाही. पण उघडलीही नाही. ती पुन्हा आड्याला अडकवून ठेवली. अळ्या आम्ही खड्ड्यात परत सोडल्या आणि मुरलेले खत तेवढे गाडीत भरले.

मायने मात्र त्या दिवशी सकाळपासून कोंबड्या डालून ठेवल्या होत्या.